आज नाही घेतली

रात्रीचं जेवण आटोपलं की नानाकाका भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभे राहतात. सदऱ्याच्या खिशातून बुटकी पेन्सिल काढतात, त्या तारखेच्या चौकोनात एक बारीक उभी रेघ ओढतात आणि कुणाकडे न बघता म्हणतात, "आज नाई घेतली." मग अंगणातल्या बाजेवर जाऊन पडतात. २००४ च्या पोळ्यापासून हा नेम सुरू आहे. वर्ष संपलं की काकू ते कॅलेंडर गुंडाळून दोऱ्यानं बांधते आणि लोखंडी पेटीत ठेवते. त्या पेटीत शेताचा सातबारा आहे, आजीचं जुनं लुगडं आहे आणि वीस वर्षांच्या रेघा आहेत.

मी यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. दारूच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो, आधी आजीकडून, मग आबांकडून, म्हणजे आजोबांकडून, आणि शेवटी नानाकाकांकडून. आमच्या घरात चार पिढ्यांत दारू पुष्कळदा सुटली. ती सुटली कशी आणि परत लागली कशी, हे सांगता सांगता घरातली म्हातारी माणसं या भागाचा इतिहासच सांगून गेली. तो इथं मांडतो आहे. "लिही बापू, पण नाव नको लिहू," एवढी एकच अट नानाकाकांनी घातली. ती का घातली, ते पुढं येईल.

गोष्ट मोहाच्या झाडाखाली सुरू होते. आजी सांगायची, चैत्रात पहाटे अंधारातच बाया-पोरं टोपल्या घेऊन निघायची. रात्रभर टपटपलेली फुलं उन्हं चढायच्या आत वेचावी लागत. वाळवलेली फुलं भाकरीत जात, गुरांच्या दाण्यात जात, टंचाईच्या दिवसांत तर माणसाच्या पोटाला तोच आधार असे. त्यातलीच काही मडक्यात आंबत आणि त्यांची दारू होई. लग्नाला, सणाला, मयताला ती लागायची. "पण रोज कोण पिईल?" आजी म्हणायची. "रोज प्यायला फुलं तरी पुरली पाहिजेत."

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. पुढं दारू गाळण्या-विकण्याचा हक्क सरकारी महसुलाची बाब झाला आणि त्याचे लिलाव होऊ लागले. ज्यानं बोली लावली त्याला पैसा वसूल करायचा, म्हणून दुकान बारा महिने उघडं. सणाची दारू रोजची झाली ती अशी, असं आबांचं म्हणणं. तिकडं पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८८० मध्येच, नगरपालिकेचे सभासद असताना, वाढत्या दारूदुकानांना लेखी हरकत घेतली होती. दुकान गावात आलं की ते आधी गरिबाच्या घरात शिरतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आमच्या घरात ते पणजोबांच्या पावलांनी शिरलं.

पणजोबांची गोष्ट आबा सांगत. १९३० साल, पावसाळ्याचे दिवस. आबा तेव्हा दहा वर्षांचे. वणीचे लोकनायक बापूजी अणे पुसदला येणार, राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडणार, अशी वार्ता गावोगाव फिरली. १० जुलैला पुसदजवळ तो जंगल सत्याग्रह झाला आणि अण्यांना अटक झाली. पणजोबा आबांना खांद्यावर घेऊन, चिखल तुडवत तिकडं गेले होते. किती माणसं होती ते आबांना सांगता येत नसे. "टोप्याच टोप्या," एवढंच म्हणत. त्या चळवळीत दारूच्या दुकानांवर निरोधनंही होत. परत आल्यावर पणजोबांनी आणखी काही जणांबरोबर मारुतीच्या देवळात उभं राहून शपथ घेतली. गावासमोर घेतली. पणजीनं त्या दिवशी पुरण घातलं होतं.

ती शपथ दसऱ्यापर्यंत टिकली.

पुढचं सांगताना आबांचा आवाज उतरायचा. "बापानं परत पिली, त्याचं मले एवढं नाई वाटलं. पण त्या दिवसापासून तो देवळात येणं सोडून बसला. रस्त्यानं जाताना मारुतीच्या पाराकडं पाठ करून जाई. ज्यांच्या संगं शपथ घेतली, ते दिसले की वाट बदले." पणजोबा मग शेतातल्या खोपीत एकटेच पीत आणि तिथंच एका हिवाळ्यात गेले. मी ही गोष्ट ऐकली तेव्हा लहान होतो. तिच्यातलं खरं दुखणं मला कळायला नानाकाकांचं आयुष्य बघावं लागलं.

आजीचं माहेर दारव्ह्याकडचं. तिनं लहानपणी जत्रेत गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. डोक्यावर फुटकं गाडगं, अंगावर चिंध्या आणि हातात खराटा, हे सगळे सांगतात. आजी सांगायची ते वेगळं. "तो बुढा इचारे, आन् लोक उत्तर देत. इचारे, कर्ज काढून सण करावा का? लोक म्हणत, नाई. दारू प्यावी का? नाई. पिणारेही म्हणत, नाई." बाबांना हे कुठं शिकावं लागलं नव्हतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या डेबूचे वडील झिंगराजी दारूपायीच खंगले आणि पोरगं लहान असतानाच गेले. पुढं स्वतःच्या लेकीच्या बारशाला, जातीच्या रिवाजाप्रमाणं मटण आणि दारू देण्याऐवजी डेबूनं गोडाचं जेवण घातलं आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. आजीला ही गोष्ट फार प्रिय होती. "एका माणसानं रिवाज मोडला तरी चुलीवरचं भांडं बदलते," असं ती म्हणे.

आबांना मात्र तुकडोजी महाराजांची ओढ. त्यांच्या तरुणपणी महाराजांची खंजिरी वऱ्हाडभर वाजत होती. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. तिथून गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं निघाली आणि सामुदायिक प्रार्थनेची रीत आली. संध्याकाळी एका वेळी, एका रांगेत, कुणाची जात न विचारता बसायचं. आबा त्या प्रार्थनेला जाऊ लागले, पुढं पंढरपूरला जाऊन त्यांनी तुळशीची माळ घातली आणि मरेपर्यंत दारूला शिवले नाहीत. पण आपली दारू माळेनं सोडवली, असं ते कधी म्हणत नसत. ते म्हणत, "रोज संध्याकाळी जाऊन बसायले एक जागा होती, म्हणून सुटली."

नानाकाका आबांचे धाकटे चिरंजीव. शाळेत हुशार, कबड्डीत पुढं, बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. त्यांना दारू कुठं लागली ते त्यांनाही नेमकं सांगता येत नाही. "एकेक दिवस लागत गेली," एवढंच म्हणतात. मला आठवतं ते असं: कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस होते. वर्षभराचा कापूस केंद्रावर घातलेला, चुकारा मिळायचा होता. वडिलांनी तो आणायला नानाकाकांना पाठवलं. ते तिसऱ्या दिवशी आले. सदरा दुसऱ्याचाच अंगात होता आणि खिशात सुटे पैसेही नव्हते. त्या वर्षी ताईचं लग्न पुढं ढकललं. वडील एक शब्द बोलले नाहीत. ओसरीवर बसून ते सुतळीचा एक तोडा सोडवत राहिले, सोडवत राहिले, संध्याकाळपर्यंत.

मग उपाय सुरू झाले. आबांनी आपल्या हातानं नानाकाकांच्या गळ्यात माळ घातली. तीनदा घातली. पहिली पाच महिने टिकली, दुसरी एक महिना, तिसरी आठवडाभर. प्रत्येक वेळी दारूच्या दुकानात शिरण्याआधी ते माळ काढून देवळीत ठेवत. "माळ गळ्यात असताना कधीच नाई पिली," हे ते आजही सांगतात आणि सांगताना त्यांचे डोळे भरतात. तिसऱ्या वेळेनंतर ते भजनाला गेले नाहीत, आबांच्या समोर बसले नाहीत. पणजोबांनी मारुतीच्या पाराकडं पाठ केली होती तशीच.

बसस्टँडच्या भिंतींवर तेव्हा 'न सांगता दारू सोडवा' अशा पाट्या रंगवलेल्या असत. आजीनं तसल्या एका माणसाकडून पुड्या आणल्या आणि महिनाभर चहातून दिल्या. एका दुपारी नानाकाकांचं तोंड लालबुंद झालं, छाती धडधडू लागली, श्वास घेता येईना. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. पुड्यांत काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. डायसल्फिरामसारखं औषध डॉक्टर देतात ते माणसाला सांगून, तपासून, त्याच्या संमतीनं देतात. न सांगता दिलं आणि वरून दारू पोटात गेली तर जीव जाऊ शकतो. आजीला हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. लेकराला वाचवायला निघालेल्या आईच्या हातून हे होतं, कारण खरा उपाय तिच्यापर्यंत कुणी आणून पोचवलेला नसतो.

काकूनं दुसरी वाट धरली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकारानं, गावोगावच्या लोकांच्या रेट्यानं, १९९३ पासून दारूबंदी लागू झाली होती. शेजारच्या वर्ध्यात ती आधीपासूनच होती. ही बातमी आमच्या गावातल्या बायांपर्यंत पोचली. एका सकाळी काकू आणि तिच्याबरोबरच्या बाया काठ्या घेऊन नाल्यावर गेल्या आणि हातभट्टीची मडकी फोडून आल्या. काकूच्या पायात खापरी घुसली होती. रक्त पुसत ती म्हणाली, "आज तरी हे शुद्धीत येतील." नानाकाका त्या रात्री शेजारच्या गावाहून पिऊन आले.

तरीही काकूची ती सकाळ वाया गेली असं मी म्हणणार नाही. त्या दिवसापासून आमच्या गावात नवऱ्याचा मार लपवणं बायांनी सोडलं. पुढं आडव्या बाटलीचा नियम आला. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद करावं लागतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये चंद्रपुरात दारूबंदी आली, तेव्हा 'स्वामिनी' या दारूबंदी अभियानाच्या झेंड्याखाली आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बायाही रस्त्यावर उतरल्या. नवऱ्याची दारू सुटून दहा वर्षं झाली होती, तरी काकू त्या मोर्चात चालली. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली. बंदी हवी की नको यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. दुकान दूर गेलं की नवी पोरं लागायची वाचतात, हे काकूचं म्हणणं मला पटतं. ज्याला आधीच लागली आहे तो दुकान शोधत कितीही चालतो, हे नानाकाकांचं म्हणणंही खरं आहे. ते स्वतः तेवढे चालले आहेत.

माझे वडील वाचणारे होते. डॉ. अनिल अवचटांचे लेख ते कापून ठेवत. अवचटांनी पुण्यात गर्द या अमली पदार्थाच्या आहारी गेलेल्या पोरांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी मदत पुढं केली आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचट यांनी. मनोविकारतज्ज्ञ असलेल्या अनिताताई रुग्णाला दम देत नसत, त्याच्याशी माणसासारखं बोलत. १९९७ मध्ये त्या गेल्या, पण तिथली रीत त्यांचीच राहिली. तिथले बरेचसे समुपदेशक एके काळी स्वतः व्यसनी होते. वडिलांच्या एका कात्रणावर मुक्तांगणचा फोन नंबर होता. ते कात्रण त्यांनी नानाकाकांच्या हातात दिलं नाही. फक्त देवळीत, माळेशेजारी ठेवलं.

२००३ च्या उन्हाळ्यात एका दुपारी नानाकाका ते कात्रण घेऊन महागावच्या बसस्टँडवर गेले. एका हाताला देशी दारूचं दुकान, दुसऱ्या हाताला एसटीडी बूथ. खिशात एक नोट. ते तिथं किती वेळ उभे होते कोण जाणे. "पाय एकीकडं वढत होते आन् मन दुसरीकडं," असं सांगतात. शेवटी बूथमध्ये शिरले.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्यांनी अ‍ॅक्रनची गोष्ट ऐकली आणि ते चमकले. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ते गाव. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस धंद्याच्या कामासाठी तिथं आला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. धंदा बुडाला. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा होता. एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. आपल्याला आत्ता दुसऱ्या एका दारुड्याशी बोलायला मिळालं तरच आपण वाचू, हे त्याला कळलं. त्यानं चर्चच्या यादीतले नंबर फिरवले. त्यातून एका बाईंच्या ओळखीनं त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. ते शस्त्रक्रियातज्ज्ञ होते आणि पिऊन पिऊन खलास होत आले होते. पंधरा मिनिटंच बसेन म्हणून आलेले डॉक्टर सहा तासांहून जास्त वेळ बसले. कारण समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःचं सांगत होता. १० जून १९३५ नंतर डॉ. बॉब कधी प्यायले नाहीत. तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेचा, म्हणजे एएचा, जन्मदिवस मानतात. मोझरीत तुकडोजी महाराज माणसांना एका रांगेत बसवत होते, त्याच साली सातासमुद्रापार दोन दारुडे एका खोलीत समोरासमोर बसले. एए भारतात आली १९५७ मध्ये. "तिथं टेलिफोन, इथं एसटीडी," नानाकाका म्हणतात. "बार मात्र दोन्हीकडं."

त्या फोननंतर नानाकाका मुक्तांगणला गेले आणि पुण्याहून महिना-सव्वा महिन्यानं परत आले. अंग भरलं होतं, हात कापत नव्हते. येताना त्यांना एकच गोष्ट निक्षून सांगितलेली होती: एएची मिटिंग सोडायची नाही. महागावात मिटिंग नव्हती. मग दर रविवारी पहाटे उठायचं, आर्णीवरून जिल्ह्याच्या गावाला जाणारी एसटी पकडायची, तासाभराची मिटिंग करायची आणि संध्याकाळी परत यायचं. आठवड्यातला अख्खा दिवस त्यात जाई. सोयाबीन काढणीला आलं असताना वडिलांनी एकदा "आज नाही गेलास तर?" असं विचारलं. काकूच मध्ये पडली. "सोयाबीन मी काढते. त्यांना जाऊ द्या."

खुल्या मिटिंगला घरची माणसंही जाऊ शकतात. एका रविवारी नानाकाका मला घेऊन गेले. शाळेतली खोली होती, पहिलीच्या वर्गाची. फळ्यावर 'अ, आ, इ' लिहिलेलं. पन्नाशीची माणसं त्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अध्यक्ष नाही, व्यासपीठ नाही, सत्कार नाही. एकेक जण उभा राही, नुसतं पहिलं नाव सांगे आणि म्हणे, "मी अल्कोहोलिक आहे." सगळे एका आवाजात त्याच्या नावानं नमस्कार करत. मग तो आपलं सांगे. मध्ये कुणी बोलत नसे, सल्ला देत नसे. तिथं कोण काय बोललं ते मी लिहीत नाही. तिथलं तिथंच राहतं, हा नियम आहे आणि नानाकाकांची नाव न लिहिण्याची अट त्यातूनच आलेली आहे. नाव छापून आलं की माणूस मोठा होतो आणि मोठा झालेला माणूस पडला की त्याच्याबरोबर दहा जणांचा विश्वास पडतो, असं ते सांगतात. वर्गणी, फी, फॉर्म काही नाही. शेवटी एक डबा फिरतो. ज्याला जमेल तो टाकतो, त्यातून खोलीचं भाडं आणि चहा भागतो. बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाहीत. सभासद व्हायला एकच गोष्ट लागते, दारू सोडायची इच्छा.

पहिले चार रविवार नानाकाका एक अक्षर बोलले नव्हते. पाचव्या रविवारी उभे राहिले आणि कापसाच्या चुकाऱ्याची गोष्ट सांगितली. घरात आम्ही ती कधीच उच्चारत नव्हतो. "ऐकणाऱ्यांपैकी कुणी च्च केलं नाई," ते म्हणाले. "चार जणांनी मान हालवली. त्यांचाही असाच चुकारा गेला होता."

आणि मग आला २००४ चा पोळा. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असते. करीला गावात मटण शिजतं आणि दारूही चालते. चौदा महिने कोरडे राहिलेले नानाकाका त्या संध्याकाळी जुन्या सोबत्यांत बसले. रात्री त्यांना दोघांनी धरून आणलं. काकू काही बोलली नाही, तिनं फक्त कंदिलाची वात बारीक केली. मला वाटलं, झालं. मारुतीच्या पाराकडं आता तिसरी पाठ फिरणार.

तीन दिवस ते खोलीतून बाहेर आले नाहीत. रविवारी पहाटे मला भांड्याचा आवाज आला. ते तोंड धूत होते. धुतलेलं धोतर नेसून एसटीला निघाले. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. खोलीच्या दारात पाय अडखळला. आत जावं तर काय तोंडानं? तेवढ्यात आतून एकानं पाहिलं, उठून आला आणि म्हणाला, "आलात. बरं झालं. चहा घ्या." मिटिंगमध्ये नानाकाका उभे राहिले आणि म्हणाले, "मी करीला पिलो." कुणी शपथेची आठवण करून दिली नाही, कारण तिथं जन्माची शपथ घ्यायचीच नसते. तिथं आजचा दिवस न पिता काढायचा असतो, उद्याचा उद्या. एक जण म्हणाला, "मग आज पहिला दिवस. माझा तर सात वेळा पहिला दिवस झाला." त्या रात्री घरी येऊन त्यांनी कॅलेंडरवर पहिली रेघ ओढली.

पणजोबांना जे मिळालं नाही ते मला त्या दिवशी कळलं. त्यांची शपथ गावानं ऐकली होती, देवानं पाहिली होती. ती मोडल्यावर गावाला आणि देवाला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून ते खोपीत एकटे जाऊन प्यायले आणि एकटेच गेले. पडलेल्या माणसाला परत यायला एक दार लागतं आणि त्या दारात स्वतः पडून उठलेला माणूस उभा असावा लागतो. म्हणून मी म्हाताऱ्यांच्या कुठल्याच उपायाला हिणवत नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनात पिणाराच उत्तर देत असे, तसा मिटिंगमध्ये पिणाराच बोलतो. गुरुदेव मंडळाच्या प्रार्थनेत जात विचारत नसत, तशी इथंही विचारत नाहीत. काकूच्या बायांनी मडकी फोडताना एकमेकींचं दुखणं ओळखलं, तसंच काम दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठकीत आणि मुक्तांगणच्या 'सहचरी' गटात चालतं. आमच्या म्हाताऱ्यांकडं सगळं होतं. मोडल्यानंतर परत यायची वाट तेवढी नव्हती.

एएच्या बारा पायऱ्यांत दोन पायऱ्या अशा आहेत: ज्यांचं आपण नुकसान केलं त्यांची यादी करायची आणि मग शक्य तिथं ते भरून द्यायचं. नानाकाकांच्या यादीत पहिलं नाव माझ्या वडिलांचं होतं. दर हंगामाला कापूस विकला की ते थोडे पैसे आणून वडिलांच्या उशाशी ठेवत. वडील नको म्हणत, ते ठेवत. नऊ वर्षं लागली. शेवटची रक्कम दिली त्या दिवशी दोघं भाऊ शेताच्या बांधावर बसून किती तरी वेळ बैलांबद्दल बोलत होते.

मी शिक्षक आहे, मला पुरावा बघायची सवय आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून जास्त लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. एए आणि तिच्याकडं वळवणाऱ्या उपचारांतून गेलेल्यांपैकी वर्षानंतर पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे ४२ टक्के, इतर उपचारांत सुमारे ३५ टक्के. म्हणजे हा जादूचा दोरा नाही; सगळ्यांची सुटत नाही. पण विनामूल्य चालणारी, जन्मभर पुरणारी आणि डॉक्टरी उपचारांच्या जोडीनं घेता येणारी ही गोष्ट आहे. आपल्याकडं तिची गरज किती? २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागं एकालाच कसला तरी उपचार मिळतो. उरलेले ३७ कुठल्या ना कुठल्या खोपीत आहेत.

शाळेत येणारे पालक हळूच विचारतात, "गुरुजी, हे कुठं मिळतं?" मी सांगतो ते इथंही सांगतो. रोज पिणाऱ्यानं एकदम स्वतःच्या मनानं सोडू नये. कापरं भरतं, फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवाला धोका असतो. आधी डॉक्टर गाठावा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात विचारावं. तिथल्या माणसांना मिटिंगचे पत्ते बहुधा माहीत असतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६. एकाच मिटिंगला जाऊन ठरवू नये, पाच-सहा ठिकाणी बसून बघावं. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. आणि घरच्यांनी आपल्यासाठीही बैठक शोधावी, कारण या आजारात झोप सगळ्या घराची उडते.

२०२० च्या टाळेबंदीत एसटी थांबली, तेव्हा नानाकाका घाबरले होते. मग मिटिंगा मोबाइलवर सुरू झाल्या. आमच्या वाडीत नेटवर्क नीट मिळतं ते बांधावरच्या लिंबाखाली. अडुसष्ट वर्षांचे नानाकाका मोबाइल उपरण्यात गुंडाळून तिथं जाऊन बसत आणि दुबईच्या, नाशिकच्या, सोलापूरच्या माणसांना आपलं नाव सांगत. आता गावातले आणखी दोघं त्या लिंबाखाली येतात. पण एका मोबाइलभोवती तिघांना बसता येत नाही आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही.

म्हणून, ज्यांच्या हातात गावाच्या खोल्यांच्या किल्ल्या आहेत त्या सरपंचांना, मुख्याध्यापकांना, मंदिराच्या आणि समाजमंदिराच्या विश्वस्तांना माझं सांगणं आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक खोली, एक तास. फुकट मागायला एएची माणसं येणार नाहीत, ती भाडं देतील. त्यांचा तसा नियम आहे. सत्कार करू नका, फोटो काढू नका, नावं विचारू नका. बाकं पहिलीच्या वर्गाची असली तरी चालतील.